आधी नाकारलेला व्हिडिओ, नंतर वर्षातला सर्वोत्तम: एमटीव्ही व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्स १९८९ ची केस

"अवॉर्ड शो म्हणजे सगळं सेटिंग असतं सर." पुण्यात मी व्हिडिओ एडिटिंगचे वर्ग घेतो, आणि दर वर्षी नवीन बॅच आली की पहिल्या आठ दिवसांत कोणीतरी हे वाक्य टाकतंच. त्यावर मी वाद घालत बसत नाही, ही केस काढतो: नील यंग या गायकाचा व्हिडिओ, जो एमटीव्ही या अमेरिकन म्युझिक चॅनेलने आधी नाकारला आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच सोहळ्यात सर्वोत्तम ठरला. दोन-तीन तास जातात, पोरं एकमेकांशी भांडतात, चहा थंड होतो, पण त्यानंतर तेच वाक्य कोणी इतक्या सहज बोलत नाही. बरेच जण म्हणाले की सर हे लिहून काढा, म्हणून लिहितोय.

एक आधीच सांगतो. गायक, दिग्दर्शक, चॅनेल, ब्रँड यांची नावं जगजाहीर आहेत, ती लपवून काही अर्थ नाही. पण चॅनेलच्या आत कोणत्या माणसाने कोणत्या कागदावर सही केली, ती नावं मी घेत नाहीये. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं हे बघायचंय, म्हणून मी फक्त "निवड समिती", "जाहिरात विभाग" असंच म्हणणार.

पार्श्वभूमी

एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत सुरू झालं. चोवीस तास फक्त गाण्यांचे व्हिडिओ, आणि सुरुवातीला दिसायचा चंद्रावरचा अंतराळवीर, त्याच्या शेजारी रोवलेल्या झेंड्यावर चॅनेलचा लोगो. पुढे अवॉर्डची ट्रॉफी पण तोच अंतराळवीर झाली, मूनमॅन. पहिला सोहळा १४ सप्टेंबर १९८४ ला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये झाला, डॅन अ‍ॅक्रॉइड आणि बेट मिडलर होस्ट होते, आणि मॅडोना लग्नाच्या पांढऱ्या ड्रेसमध्ये भल्यामोठ्या केकवरून खाली उतरली ती हीच रात्र.

त्या पहिल्याच वर्षी एक गोष्ट झाली जी पोरांना खरी वाटत नाही. मायकल जॅक्सनचा "थ्रिलर" नॉमिनेशनमध्ये होता, आणि वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओचं बक्षीस त्याला मिळालं नाही. ते गेलं द कार्स या बँडच्या "यू माइट थिंक" ला. त्या रात्री सगळ्यात जास्त म्हणजे पाच बक्षिसं हर्बी हँकॉकच्या "रॉकिट" ला मिळाली, "थ्रिलर" ला तीन, त्यातलं एक प्रेक्षकांच्या मतांचं. म्हणजे इंडस्ट्रीतल्या लोकांचं मत वेगळं आणि घरी बसून बघणाऱ्यांचं वेगळं, हे पहिल्या दिवसापासून उघड्यावर होतं. हे लक्षात ठेवा, पुढे हेच कामाला येणार आहे.

आता पैशाची बाजू. ती नीट कळल्याशिवाय ही केस कळत नाही. व्हिडिओ बनवायचा खर्च रेकॉर्ड कंपन्या करायच्या आणि गाण्याची जाहिरात होते म्हणून ते चॅनेलला द्यायच्या, आणि चॅनेल मधल्या वेळात कोल्ड्रिंक, बिअर, जीन्स, चॉकलेट असल्या तरुणांच्या मालाच्या जाहिराती विकायचं. धंद्याचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा. आणि ऐंशीच्या दशकात झालं काय, की जाहिरातीतला माणूस आणि व्हिडिओतला माणूस हळूहळू एकच झाला. जॅक्सन पेप्सीसाठी, व्हिटनी ह्यूस्टन डाएट कोकसाठी, एरिक क्लॅप्टन आणि स्टीव्ह विनवुड मिकेलोब बिअरसाठी. १९८७ मध्ये नायकीने बीटल्सचं "रेव्होल्यूशन" बुटांच्या जाहिरातीत वापरलं तेव्हा बीटल्सच्या कंपनीने कोर्टात केस टाकली, इतकं ते लोकांना झोंबलं होतं. म्हणजे गाणं संपून जाहिरात कधी सुरू झाली हे बघणाऱ्याला कळेनासं झालं होतं.

आपल्याकडे हे लांबचं वाटायला नको. भारतात पेप्सी आली ती "लेहर पेप्सी" म्हणून, आणि तिच्या पहिल्या गाजलेल्या जाहिरातीत जुही चावलासोबत गोव्याचा रेमो फर्नांडिस होता, "यही है राइट चॉइस बेबी, आहा" वाली. आमच्या चाळीत पोरं ते "आहा" दिवसभर म्हणायची. एमटीव्ही स्वतः आपल्याकडे १९९१ मध्ये स्टारच्या डिशवरून आलं, केबलवाल्याने गच्चीवरून वायर टाकली तेव्हा. म्हणजे आपल्या बाजारात कोल्ड्रिंकवाला पॉपस्टार आधी पोचला आणि म्युझिक चॅनेल नंतर.

व्हिडिओत नेमकं काय होतं

नील यंग हा कॅनडाचा, टोरांटोत जन्मलेला, साठच्या दशकापासून गाणारा माणूस. कोणाच्या सांगण्यावरून न वागण्याची त्याची सवय जुनी. १९८३ मध्ये त्याच्याच रेकॉर्ड कंपनीने, गेफनने, त्याच्यावर केस टाकली होती की हा नील यंगसारखी गाणी करत नाहीये. म्हणजे स्वतःसारखं न गाण्याबद्दल कोर्टात खेचलेला कलाकार! तिथून सुटून तो जुन्या रिप्राइज कंपनीत परत आला आणि १९८८ च्या एप्रिलमध्ये ब्रास वाजवणाऱ्या मोठ्या बँडबरोबर अल्बम काढला, "धिस नोट्स फॉर यू". नावातच टोला आहे, तेव्हा बडवायझर बिअरची टॅगलाइन "धिस बड्स फॉर यू" अशी होती. टायटल गाणं अगदी छोटं, अडीच मिनिटं पण नाही, आणि सांगणं एकच: मी पेप्सीसाठी गात नाही, कोकसाठी गात नाही, कोणाच्याच मालासाठी गात नाही.

व्हिडिओ केला ज्युलियन टेंपलने. हा ब्रिटिश दिग्दर्शक, आणि त्याने केलेली युक्ती एडिटिंगच्या पोरांनी फ्रेम थांबवून बघावी अशी आहे. त्याने बिअर आणि परफ्यूमच्या जाहिरातींची भाषाच उचलली. तोच निळसर रात्रीचा प्रकाश, तोच धुरकट क्लब, तीच स्लो मोशन, परफ्यूमच्या जाहिरातीतली ती उसासे टाकणारी मंडळी, सगळं हुबेहूब. आणि या सगळ्याच्या मधोमध नील यंग, अजिबात चकचकीत न दिसणारा, गातोय. मग येतो मायकल जॅक्सनसारखा दिसणारा एक माणूस, नाचतो, आणि त्याच्या केसांना आग लागते. व्हिटनीसारखी दिसणारी बाई कोल्ड्रिंक ओतून ती विझवते. शेवटी नील यंग हातात बिअरचा कॅन वर धरतो आणि कॅनवर लिहिलंय की याला कोणाचीही स्पॉन्सरशिप नाही. आम्ही वर्गात या शॉटवर पॉज करतो. कॅनचं डिझाइन, अक्षरांचं वळण, हातात धरायची पद्धत, सगळं जाहिरातीतलं, फक्त मजकूर उलटा.

केसांना आग लागण्याचा तो शॉट मात्र हवेतून आलेला नाही. २७ जानेवारी १९८४ ला लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये पेप्सीच्याच जाहिरातीचं शूटिंग चालू असताना आतषबाजी चुकीच्या वेळी उडाली, आणि जॅक्सनच्या डोक्याची कातडी खरोखर भाजली. पेप्सीने दिलेली १५ लाख डॉलर्सची भरपाई त्याने ज्या हॉस्पिटलमध्ये उपचार झाले तिथल्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागाला देऊन टाकली. चार वर्षांपूर्वीच्या खऱ्या जखमेवरचा तो शॉट आहे. हे माहीत असल्यावर तो बघताना हसू येत नाही, निदान मला तरी येत नाही.

अडचण काय झाली

१९८८ च्या जुलैत एमटीव्हीने व्हिडिओ लावायला नकार दिला.

कारणं दोन पुढे आली. एक, व्हिडिओत आणि गाण्यात मालाची नावं थेट घेतली जातायत आणि ते चॅनेलच्या नियमात बसत नाही. दोन, कायद्याची भीती, कारण जॅक्सनच्या वकिलांकडून धमकी आली होती. तिसरं कारण कोणी अधिकृतपणे बोललं नाही पण ते सगळ्यांना दिसत होतं, की ज्या कंपन्यांना व्हिडिओ चिमटा काढतोय त्यांच्याच पैशावर चॅनेल चालतं.

आता इथे मी पोरांना थांबवतो, कारण बहुतेक जण लगेच म्हणतात की चॅनेल भ्याड होतं, विषय संपला. तसं नाहीये. ब्रँडची नावं नकोत हा नियम मुळात वाईट नाही. तो नसता तर प्रत्येक व्हिडिओत पैसे घेऊन कोणीतरी बाटली कॅमेऱ्यासमोर धरली असती. नियम आला होता छुप्या जाहिराती रोखायला, आणि लागू झाला जाहिरातींवर टीका करणाऱ्या व्हिडिओवर. नियमाचा हेतू एक आणि वार भलतीकडेच, हे आपल्याकडे कुठल्याही ऑफिसात काम केलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. कायद्याची भीती पण खोटी नव्हती, जगातल्या सगळ्यात मोठ्या स्टारचे वकील दारात उभे असताना कुठलीही समिती दोनदा विचार करणारच.

कोणापुढे कोणते रस्ते होते

चॅनेलकडे बघू आधी. व्हिडिओ आहे तसा लावून मोकळं व्हायचं, हा एक रस्ता, धोका मोठा पण लोकांत मान वाढला असता. सरळ नाकारायचा, तो रस्ता त्यांनी घेतला. मधला रस्ता म्हणजे कट मागायचे, अमुक नाव बीप करा, तमुक डबा धूसर करा, आणि चॅनेल ही मागणी इतर व्हिडिओंबाबत करायचीच. पण इथे ते करून उपयोग काय, अख्खं गाणंच नावांवर उभं आहे, नावं काढली की उरतात फक्त ट्रम्पेट. आणखी एक रस्ता होता जो मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, की व्हिडिओ एखाद्या कार्यक्रमात लावायचा, आधी पाच मिनिटं बोलायचं की यात काय आहे, आक्षेप कोणाचा आहे, आणि मग प्रेक्षकाला ठरवू द्यायचं. चॅनेलकडे बातम्यांचा विभाग होता, बोलणारी माणसं होती, हे जमण्यासारखं होतं.

नील यंगकडे पण पर्याय होते. गप्प बसून अल्बम विकायचा. कट देऊन आत शिरायचं, पण मग गाण्यात जे म्हटलंय तेच खोटं ठरलं असतं. कोर्टात जाणं बिनकामाचं, खासगी चॅनेलने काय लावायचं हे कोर्ट कशाला सांगेल. राहिली जनता. आणि राहिलं सीमेपलीकडचं त्याचं स्वतःचं गाव.

काय केलं

त्याने एमटीव्हीला खुलं पत्र लिहिलं. भाषा सभ्य नव्हती, चॅनेलवाल्यांना कणा नसलेले म्हणाला, आणि मग तो प्रश्न विचारला जो अजून लोकांच्या लक्षात आहे: एमटीव्ही मधल्या एम चा अर्थ म्युझिक की मनी? इतका साधा प्रश्न, की पेपरात छापला की कोणालाही पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. मी पोरांना म्हणतो की पीआरची पुस्तकं बाजूला ठेवा आणि या एका ओळीचा अभ्यास करा. त्याने अन्याय झाला असं रडगाणं गायलं नाही, नियमावर वाद घातला नाही, त्याने चॅनेलच्या नावातलं एक अक्षर धरलं आणि सोडलंच नाही.

त्याच वेळी टोरांटोच्या मचम्युझिक या चॅनेलने व्हिडिओ लगेच लावला. हे चॅनेल १९८४ पासूनचं, कॅनडाचं स्वतःचं म्युझिक चॅनेल, आणि नील यंग त्यांच्या गावचा पोरगा. व्हिडिओ तिकडे हिट झाला. आता एमटीव्हीची गोची बघा. शेजारच्या देशात तोच व्हिडिओ रोज लागतोय, आकाश कोसळलेलं नाही, आणि इकडे आपण नाही म्हणून बसलोय. आपल्या नकारानेच त्याची जाहिरात झाली, तीही फुकटात.

मग एमटीव्हीने निर्णय फिरवला. व्हिडिओ लावला आणि नुसता लावला नाही तर हेवी रोटेशनमध्ये टाकला, म्हणजे दिवसातून पुन्हा पुन्हा. इथे मी चॅनेलच्या बाजूने बोलतो, आणि मनापासून बोलतो. चूक झाल्यावर हट्ट धरणं सोपं असतं. आपला नियम आपणच मोडायचा, तो पण ज्याने आपल्याला जाहीरपणे शिव्या घातल्या त्याच्यासाठी, यासाठी त्या इमारतीत कोणीतरी आवाज उठवला असणार, मीटिंगमध्ये कोणीतरी म्हटलं असणार की आपलं चुकलं. त्या माणसाचं किंवा बाईचं नाव इतिहासात नाही, पण या केसमधला सगळ्यात अवघड निर्णय माझ्या मते तोच.

६ सप्टेंबर १९८९

सोहळा लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सल अ‍ॅम्फिथिएटरमध्ये, होस्ट आर्सेनियो हॉल. वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओसाठी पाच नावं होती. ती मी फळ्यावर लिहितो आणि प्रत्येकासमोर एक रिकामा रकाना ठेवतो.

स्टीव्ह विनवुड, "रोल विथ इट". त्याच्याच त्या अल्बममधलं दुसरं एक गाणं मिकेलोब बिअरच्या जाहिरातीत वाजत होतं. मायकल जॅक्सन, "लीव्ह मी अलोन". पेप्सी, आणि त्याचा अख्खा "बॅड" दौरा पेप्सीच्याच स्पॉन्सरशिपवर झालेला. मॅडोना, "लाइक अ प्रेयर". फाइन यंग कॅनिबल्स, "शी ड्राइव्ज मी क्रेझी". आणि नील यंग. रकाने भरले की वर्ग गप्प होतो. पाचातल्या तिघांचं नाव कोल्ड्रिंक किंवा बिअरशी जोडलेलं, आणि त्यातला एक असा की ज्याच्या वकिलांमुळे पाचवा व्हिडिओ अडला होता.

मॅडोनाची गोष्ट तर वेगळीच केस होईल, पण थोडक्यात सांगतोच कारण ती त्याच रात्रीची आहे. पेप्सीने तिच्याशी ५० लाख डॉलर्सचा करार केला होता. २ मार्च १९८९ ला जाहिरात लागली, गाणं तेच, जाहिरात गोड घरगुती. दुसऱ्या दिवशी एमटीव्हीवर त्याच गाण्याचा खरा व्हिडिओ आला, जळते क्रॉस, चर्चमधला कृष्णवर्णीय संत, आणि धार्मिक संघटनांनी पेप्सीवर बहिष्काराची हाक दिली. पेप्सीने जाहिरात मागे घेतली, पैसे मात्र मॅडोनाकडेच राहिले. आणि सप्टेंबरच्या त्या रात्री प्रेक्षकांच्या मतांचं बक्षीस तिलाच मिळालं, त्या बक्षिसाचे स्पॉन्सर होते पेप्सी, आणि स्टेजवरून तिने एवढा वाद निर्माण केल्याबद्दल पेप्सीचे आभार मानले.

वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ: नील यंग, "धिस नोट्स फॉर यू".

हे कसं शक्य झालं, तर पहिल्या भागात म्हटलं ते आठवा. व्हिडिओ लावायचा की नाही हे तेव्हा चॅनेलची निवड समिती ठरवायची, तिच्या एका बाजूला वकील आणि दुसऱ्या बाजूला जाहिरात विभाग. बक्षीस कोणाला हे ठरवायचे इंडस्ट्रीत काम करणारे मतदार, आणि प्रेक्षकांच्या बक्षिसाचा निकाल लागायचा लोकांच्या मतांवर. तीन वेगळे दरवाजे. पहिल्या दाराला आतून कडी होती, पण ती उघडल्यावर दुसऱ्या दारातल्या लोकांनी कोणालाही न विचारता मत दिलं. आणि त्या मतदारांत बरेच जण स्वतः व्हिडिओ बनवणारे, ज्यांना रोज कोणी ना कोणी सांगत असणार की तो डबा जरा कॅमेऱ्याकडे फिरवा ना. त्यांनी टेंपलच्या कारागिरीला मत दिलं, नील यंगच्या पत्राला दिलं, की स्वतःच्या मनातल्या चिडीला दिलं, हे वेगळं काढता येत नाही. पण मत त्यांचं होतं.

अर्थात एक गोष्ट नोंदवायला हवी. कारागिरीची बाकीची मोठी बक्षिसं त्या रात्री दुसरीकडे गेली. मॅडोनाच्या "एक्सप्रेस युवरसेल्फ" ला दिग्दर्शनाचं मिळालं, दिग्दर्शक डेव्हिड फिंचर, तो पुढे सिनेमात किती मोठा झाला ते सगळ्यांना माहीत आहे. कॅमेरा आणि कला दिग्दर्शन पण त्याच व्हिडिओला. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या वर्षातला सगळ्यात भारी व्हिडिओ कोणता हे मतदारांना नीट माहीत होतं, आणि तरी सगळ्यात वरचं बक्षीस त्यांनी एका क्लबमध्ये शूट केलेल्या छोट्या विडंबनाला दिलं. मला यात विसंगती दिसत नाही. पण वर्गातली निम्मी पोरं म्हणतात की हे सहानुभूतीचं मत, फिंचरवर अन्याय झाला, आणि त्यांच्या बोलण्यात पण दम आहे.

नंतर काय

नील यंग आणि एमटीव्ही यांचं वैर टिकलं नाही. १९९३ मध्ये त्याने त्यांच्याच "अनप्लग्ड" साठी कार्यक्रम केला, त्याचा अल्बम निघाला. त्याच वर्षीच्या व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्समध्ये पर्ल जॅम या बँडबरोबर स्टेजवर येऊन त्याने "रॉकिंग इन द फ्री वर्ल्ड" वाजवलं, आणि त्या रात्री वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ पर्ल जॅमचाच, "जेरेमी". तोवर त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोरं त्याला आपला मानायला लागली होती. माझा अंदाज आहे की १९८८ च्या त्या पत्राचा यात वाटा आहे.

एमटीव्ही मात्र पूर्ण शिकलं असं म्हणता येत नाही. १९९० च्या शेवटी मॅडोनाचा "जस्टिफाय माय लव्ह" त्यांनी नाकारला, कारण वेगळं होतं, लैंगिक दृश्यं. तिने खुलं पत्र लिहायची पण तसदी घेतली नाही, व्हिडिओ सरळ कॅसेटवर दुकानात विकायला ठेवला आणि तो धडाधड खपला. दोन वर्षांत रस्ता किती बदलला बघा, नील यंगला चॅनेलच्या दारात उभं राहून ओरडावं लागलं, मॅडोनाने दारच सोडून दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

चॅनेलच्या बाजूने पहिली गोष्ट म्हणजे नियमाला अपवादाची जागा ठेवायला हवी होती. "ब्रँडचं नाव नको" याच्या पुढे फक्त "टीका, विडंबन किंवा बातमी असेल तर समितीने बसून ठरवावं" एवढं एक वाक्य असतं तर जुलैचा तमाशा झाला नसता. दुसरं, कायद्याचं कारण आणि धंद्याचं कारण एकत्र कालवायला नको होतं. वकिलांची हरकत खरी होती तर तेवढीच सांगायची, की बाबा केसांच्या शॉटवर हरकत आहे, बाकी व्हिडिओवर आमचं काही म्हणणं नाही. सगळी कारणं एका दमात सांगितली की ऐकणारा त्यातलं सगळ्यात वाईट कारण खरं मानतो, हे दुकानदारापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना लागू आहे. तिसरं, निर्णय फिरवला तेव्हा सरळ सांगायला हवं होतं की आम्ही चुकलो. व्हिडिओ नुसता वाजवायला लागल्याने श्रेय सगळं मचम्युझिकला आणि पत्राला गेलं.

अवॉर्डच्या बाजूने, मी जर ते आयोजित करत असतो तर मतदारांची यादी आणि निवड समितीची यादी यांत एकही नाव सारखं नाही हे दर वर्षी जाहीर केलं असतं. त्या वर्षी निकालच असा लागला की कोणी शंका घेतली नाही, पण निकाल जॅक्सनच्या बाजूने गेला असता तर? तो व्हिडिओ पण छान होता, स्पेशल इफेक्ट्सचं बक्षीस त्याला योग्यच मिळालं. पण तेव्हा सगळ्यांनी म्हटलं असतं की पेप्सीने घेतलं, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायला चॅनेलकडे काहीच नसतं.

आणि नील यंग, टेंपल यांच्या बाजूने फक्त एक शॉट. मी वर्गात शेवटी दोन चिठ्ठ्या वाटतो, "ठेवा" आणि "कापा", विषय तोच, पेटलेले केस. एकदा एका मुलीने चिठ्ठी द्यायच्या आधी हात वर केला. तिची आई फटाक्याने भाजली होती, कोपरापर्यंत. ती म्हणाली जाहिरात कंपन्यांनी माणसाला जाळलं हेच तर तो शॉट सांगतोय, मग तो पेप्सीच्या विरोधात आहे, जॅक्सनच्या नाही, ठेवा. मागच्या बाकावरच्या मुलाने लगेच म्हटलं की मग भाजलेला माणूस खरा दिसला पाहिजे, त्याच्यासारखा दिसणारा एक नाचरा आणून त्याचे केस पेटवले तर बघणारा हसतोच, कोणाला पेप्सी आठवणार, कापा. दोघं तासभर भांडले. मी "कापा" ची चिठ्ठी टाकली होती, तिचं ऐकून परत मागून घेतली, आणि त्या दिवशी मोजणी बरोबरीत सुटली, अकरा-अकरा, माझी चिठ्ठी खिशातच राहिली.